मांजराचे पिल्लू घरी आणताना: पेट शॉप, दत्तक आणि कारखान्यातली पिल्ले

सोलापुरात मांजराचे पिल्लू घरात येण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली पेट शॉपची. तिथे जाळीच्या पिंजऱ्यात लांब केसांचे पर्शियन पिल्लू बसलेले असते आणि त्याची किंमत हजारांच्या भाषेत सांगितली जाते. दुसरी दत्तकाची, म्हणजे प्राणिमित्र संस्थेकडून किंवा स्वतःच्या घरात अनाथ पिल्ले सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांकडून पिल्लू घेण्याची. तिसरी वाट कोणी निवडत नाही. पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात सुताच्या पोत्यांमागे भाटी, म्हणजे मांजरी, विते आणि महिन्याभराने कामगारांपैकी कोणीतरी त्यातले एक पिल्लू उचलून, "वहिनी, तुमच्या पोरीला पाहिजे होतं ना?" असे म्हणत दारात उभा राहतो.

या तिन्ही वाटांनी आमच्या घरी मांजरे आली आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की दुकान की दत्तक हा प्रश्न नंतरचा आहे. त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: पिल्लू नेमके किती आठवड्यांचे आहे, आणि त्याची आई पाहायला मिळेल का. पिल्लू साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत माणसाला आणि इतर मांजरांना ओळखायला शिकते, आणि चावताना जोर किती लावायचा हे भावंडांशी खेळताना त्याला कळते. आईच्या पहिल्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्तीही पुढच्या काही आठवड्यांत ओसरत जाते, त्यामुळे नेमके त्याच काळात प्रवास, नवे अन्न आणि अनोळखी जंतू एकदम वाट्याला आले तर पिल्लू आजारी पडते. आमचे पहिले पर्शियन पिल्लू "दोन महिन्यांचे आहे" असे सांगून एका दुकानातून मिळाले होते. डॉक्टरांनी दात पाहून ते पाच आठवड्यांचे असल्याचे सांगितले. पंधरा दिवसांत त्याच्या कानामागचे केस गळाले आणि पुढच्या आठवड्यात घरातल्या तिघांच्या हातांवर नायट्याचे गोल चट्टे उठले. पिल्लू बरे झाले; मात्र अंथरुणे-पांघरुणे उकळून वाळवण्यात दोन महिने गेले.

पिल्लू पाहायला जाण्याआधी

घरात राहणारे मांजर १२ ते १५ वर्षे सहज जगते. आज आठवीत असलेली मुलगी मांजर मागते तेव्हा ते मांजर तिच्या लग्नानंतरही आईवडिलांकडेच असेल, हे धरून घरातल्या सर्वांची संमती घ्यावी. भाड्याचे घर असेल तर मालकाला आधी विचारावे. घर सोडावे लागल्यावर मांजर मागे राहते असे आपल्याकडे फार वेळा घडते.

शाकाहारी घरांनी एक गोष्ट मोकळेपणाने ठरवून घ्यावी. मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातून मिळावेच लागते, ते मांस-मासळीत असते आणि वनस्पतींत जवळजवळ नसते. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी आणि हृदय बिघडते. दूध-पोळी किंवा दूध-भाकरी यांवर मांजर काही काळ जगलेले दिसते, परंतु ते बाहेर उंदीर, पाली आणि चिमण्या खाऊन कसर भरून काढत असते. घरात मांस शिजत नसेल तर मांजरासाठीचे तयार कोरडे खाद्य हा मार्ग आहे; त्यातही मांस असतेच, म्हणून ते घरात चालणार आहे का, हे आजींना आधी विचारलेले बरे.

मग घर फिरून पाहावे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्रत्येक घरात हौद, पिंप आणि बादल्या भरलेल्या असतात. सिमेंटच्या हौदात पडलेल्या पिल्लाला नखे रोवायला जागा मिळत नाही, म्हणून घट्ट झाकण हवेच. घरात यंत्रमाग, शिलाई मशीन किंवा विणकाम असेल तर सुताकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात. तोंडात गेलेला धागा त्याला थुंकता येत नाही, तो गिळतच जावा लागतो. धाग्याचे एक टोक जिभेखाली अडकले आणि बाकीचा आतड्यात उतरला, तर आतडे गोळा होऊन चिरले जाते. तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला तरी तो कधीही ओढू नये. पिल्लू लगेच डॉक्टरांकडे न्यावे. संक्रांतीनंतर गच्चीवर उरलेल्या मांजाचीही हीच गोष्ट. ज्या घरांत विड्या वळल्या जातात तिथे तंबाखूचे सूप आणि डबे झाकून ठेवावेत, कारण थोड्या निकोटिननेही पिल्लू दगावू शकते. काळे फिनेल आणि डांबराच्या गोळ्या मांजराच्या घरातून हद्दपार कराव्यात. पिल्लू ओल्या फरशीवरून चालते आणि मग पंजे चाटते. फिनेलमधील द्रव्ये मोडून टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते.

दुकानातून घ्यायचे असल्यास

पेट शॉपसाठी २०१८ सालचे केंद्रीय नियम आहेत. ते १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केलेले असून, त्यांनुसार दुकानाची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते, जनावरांची आवक-विक्री नोंदवावी लागते आणि आठ आठवड्यांहून लहान मांजराचे पिल्लू विकता येत नाही. म्हणून दुकानात शिरल्यावर पिल्लाला हात लावण्याआधी नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवण्याची विनंती करावी. "सगळे कायदेशीरच आहे हो साहेब" हे उत्तर पुरेसे मानू नये. प्रमाणपत्र असलेला दुकानदार ते दाखवायला कचरत नाही.

त्यानंतर पिल्लाचा जन्म कुठे झाला, हे विचारावे. पिल्लू बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडून आले असेल, तर आई पाहायला मिळणार नाही आणि प्रवासाच्या वेळी त्याचे वय काय होते हेही कळणार नाही. पिल्लू सोलापुरातच एखाद्याच्या घरी जन्मलेले असेल, तर त्या घरी जाऊन आई पाहण्याचा आग्रह धरावा. तिथे आई स्वच्छ आहे का, तिला वर्षातून किती वेळा पिल्ले होऊ देतात, ती माणसाजवळ येते की पलंगाखाली दडते, हे दहा मिनिटांत समजते. मांजरीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा असतो; वर्षात तीन वेळा विणारी आई हाडकुळी दिसते, आणि तिच्या पिल्लांतही तो अशक्तपणा उतरतो.

लसीकरणाची पुस्तिका नीट वाचावी. तिच्यात लसीच्या कुपीवरचे स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का असावा. नुसते पेनाने "ट्रायकॅट (मांजरांच्या तीन रोगांवरची एकत्रित लस) दिली" असे लिहिलेले असेल, तर लस दिलेली नाही असे समजून पुढे जावे. "सर्टिफिकेटचे पिल्लू" या शब्दानेही भुलू नये. केनेल क्लबची नोंदणी फक्त कुत्र्यांची असते; त्या नावाचा कागद मांजरासोबत कोणी देत असेल तर तो कागद निरुपयोगी आहे.

आता पर्शियनचा चेहरा किती चपटा आहे हे सांगणाऱ्या "डॉल फेस", "सेमी पंच" आणि "पंच फेस" या बाजारातल्या शब्दांविषयी. चेहरा जितका चपटा तितका भाव चढतो, पण नाक आत गेलेल्या मांजराला श्वास घेणे अवघड असते, डोळ्यांतून सतत पाणी वाहते, दात दाटीने उगवतात आणि ऊन सोसत नाही. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या वर असतो आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. कूलर नसलेल्या, पत्र्याच्या छताच्या घरात चपट्या नाकाचे लांब केसांचे मांजर आणणे मला पटत नाही, मग ते दुकानातून आणलेले असो वा फुकट मिळालेले. पर्शियन जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक रोगही आढळतो. आईवडिलांपैकी एकात तो दोष असला तरी पिल्लात उतरू शकतो. पैदास करणाऱ्याने आईवडिलांची सोनोग्राफी किंवा जनुकीय चाचणी केली असेल तर अहवाल मागावा. दुमडलेल्या कानांचे स्कॉटिश फोल्ड कोणी देऊ केले तर घेऊच नये. कान दुमडणारा तोच दोष शरीरभरच्या कूर्चेत असतो, आणि त्या मांजराचे सांधे आयुष्यभर दुखतात.

सौदा ठरला तर बिल घ्यावे. त्यावर पिल्लाची जन्मतारीख, लिंग, दिलेल्या लसी आणि काही दिवसांत आजार निघाला तर काय करायचे, हे लिहून घ्यावे. दुकानातले आजारी पिल्लू दयेपोटी विकत घेऊ नये, हे ऐकायला कठोर वाटते. पण रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यात पुढच्या आठवड्यात दुसरे पिल्लू येते आणि दुकानदाराचा हिशेब चुकत नाही. अशा वेळी फोटो काढून पशुसंवर्धन विभागाकडे लेखी तक्रार देणे अधिक उपयोगाचे असते.

दत्तक घ्यायचे असल्यास

शेल्टर म्हटले की रांगेने पिंजरे, कार्यालय आणि पावती पुस्तक डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात मांजरांच्या बाबतीत बहुतेक काम घरगुती असते: जुळे सोलापुरातल्या एखाद्या फ्लॅटची मागची खोली, विजापूर रोडवरच्या बंगल्याची गच्ची, किंवा एखाद्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले दोन पिंजरे. म्हणून शोधाची सुरुवात पशुवैद्यकांपासून करावी. कोणत्या घरात पिल्ले आहेत आणि ती कशी सांभाळली आहेत, हे त्यांना माहीत असते.

पिल्लू देणारे लोक पुष्कळ प्रश्न विचारतात. घर स्वतःचे आहे का, आधी मांजर होते का, त्याचे काय झाले, बाल्कनीला जाळी आहे का, गावाला गेल्यावर कोण पाहणार? आधार कार्डाची प्रत मागतात, घर पाहायला येतात आणि वयात आल्यावर नसबंदी करीन असे लिहून घेतात. आमच्या ओळखीचे एक काका यावरून भडकले होते, "पोरगी पाहायला आलात की मांजर द्यायला?" असे त्यांनी विचारले. परंतु चार रात्री जागून बाटलीने दूध पाजलेल्या माणसाला हे विचारण्याचा हक्क आहे. उलट काहीही न विचारता पिल्लू हातात ठेवणाऱ्यापासून सावध राहावे.

आपणही प्रश्न विचारावेत. पिल्लू कुठे सापडले, आई कुठे आहे, तिची नसबंदी झाली का? सोबतच्या पिल्लांपैकी गेल्या महिन्यात कोणी दगावले का? नव्याने आलेली पिल्ले वेगळी ठेवतात का? दगावण्याचा प्रश्न अवघड असला तरी सर्वांत महत्त्वाचा आहे. पॅनल्यूकोपेनिया म्हणजे कुत्र्यांच्या पार्व्होसारखा मांजरांचा संसर्गजन्य रोग, त्यात उलट्या-जुलाब होऊन लहान पिल्ले दोन-तीन दिवसांत जातात आणि त्याचा विषाणू खोलीत वर्षभर टिकू शकतो. साध्या साबणाने तो मरत नाही. एक भाग ब्लीच ३२ भाग पाण्यात मिसळून फरशी दहा मिनिटे ओली ठेवावी लागते. तुमच्याच घरात असे मांजर गेले असेल तर लस न घेतलेले पिल्लू त्या घरात आणू नये.

दत्तकाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बापाचा पत्ता नसतो, आईचा पूर्वेतिहास अर्धाच कळतो, आणि घर भरले की काही कार्यकर्तेही नाइलाजाने पाच आठवड्यांची पिल्ले द्यायला निघतात. तिथेही आठ आठवड्यांचा आग्रह सोडू नये. हवे तर पिल्लू आपल्या नावावर ठेवून खाद्याचा खर्च आपण द्यावा. शक्य असेल तर दोन भावंडे एकत्र घ्यावीत. दोन पिल्ले एकमेकांशी खेळतात, आणि माणसाच्या पायांना व पडद्यांना थोडी विश्रांती मिळते. घरात वृद्ध माणूस किंवा तान्हे मूल असेल तर वर्ष-दीड वर्षाचे मांजर मागावे. त्याचा स्वभाव ठरलेला असतो, हा लाभ कुठल्याही पिल्लात मिळत नाही.

कारखान्यात सापडलेली पिल्ले

मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा सोडला तर निरीक्षण बरोबर आहे: भाटी जागा बदलताना एकेक पिल्लू उचलून नेते आणि तेवढा वेळ उरलेली एकटी दिसतात. म्हणून एकटे पिल्लू दिसले की लगेच उचलू नये. ते स्वच्छ, गुबगुबीत आणि शांत झोपलेले असेल तर लांबून काही तास लक्ष ठेवावे. थंडगार पडलेले, मुंग्या लागलेले किंवा सतत ओरडणारे पिल्लू मात्र लगेच उचलावे आणि आधी ऊब द्यावी, मगच दूध, कारण थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. दूध मांजराच्या पिल्लांसाठीचे पावडरचेच असावे. पिल्लाला पालथे धरून पाजावे. बाळासारखे उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाते. तीन आठवड्यांच्या आतील पिल्लाला दर वेळी पाजल्यावर ओल्या कापसाने पुसल्याशिवाय शी-शू होत नाही.

आई जवळपास असेल तर उत्तम उपाय हाच की पिल्ले आठ आठवड्यांची होईपर्यंत तिथेच तिला खाऊ घालावे, मग पिल्ले घरोघरी द्यावीत आणि तिची नसबंदी करून घ्यावी. मालकाला राजी करायला फार कष्ट पडत नाहीत, कारण सूत कुरतडणारे उंदीर त्याला माहीत असतात.

वय, लिंग आणि प्रकृती कशी ओळखावी

डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात आणि सुरुवातीला सर्वांचेच निळे असतात. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास रंग बदलू लागतो. "निळ्या डोळ्यांचे पिल्लू" म्हणून जास्त पैसे मागणारा बहुधा फक्त लहान पिल्लू विकत असतो. पुढचे बारीक दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत दुधाचे २६ दात पुरे होतात. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करावे: जन्मताना सुमारे १०० ग्रॅम, महिन्याला ४५० च्या आसपास आणि दोन महिन्यांना ७०० ते ९०० ग्रॅम.

लिंग ओळखायला शेपूट हळूच वर करावी. नरात विसर्गासारखे दोन ठिपके अंतर राखून दिसतात. मादीत अंतर कमी असून ठिपक्याखाली बारीक उभी चीर असते. तिरंगी पिल्लू जवळजवळ नेहमी मादी असते, आणि तांबूस पिल्लांत बोके जास्त असतात.

मग नाक-डोळे कोरडे आहेत का, कानांत कॉफीच्या चुऱ्यासारखी काळी घाण आहे का, शेपटीखाली जुलाबाचे डाग आहेत का हे पाहावे. हिरड्या गुलाबी असाव्यात; पांढऱ्या हिरड्या बहुधा पिसवा आणि जंतांनी रक्त शोषल्याचे सांगतात. पोट फुगलेले आणि बरगड्या दिसणारे पिल्लू "खाऊन आलेले" नसते, त्याच्या पोटात बहुधा जंत असतात. शेवटी जमिनीवर कागदाचा बोळा टाकावा. निरोगी पिल्लू त्याच्यामागे धावते.

घरी आणल्यावर

पिल्लू सकाळी किंवा संध्याकाळी आणावे, उन्हाळ्यात दुपारी नव्हे, आणि झाकणाच्या टोपलीत किंवा कॅरियरमध्ये आणावे. स्कूटरला लटकवलेल्या कापडी पिशवीतून नव्हे. पहिले काही दिवस एकच खोली द्यावी. घरात दुसरे मांजर असेल तर किमान दोन आठवडे दोघांची भांडी आणि लिटर (शी-शूसाठी ट्रेमध्ये घालायची वाळू) वेगळे ठेवावे. लिटर विकतचेच हवे असे नाही, चाळलेली कोरडी वाळूही चालते, पण विष्ठा रोज काढावी. टॉक्सोप्लाझ्माचे जंतू विष्ठेत बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस घेतात, त्यामुळे रोजची सफाई हेच मोठे संरक्षण आहे. घरात गर्भवती असेल तर हे काम दुसऱ्याने करावे.

एक-दोन दिवसांत पशुवैद्यकाकडे न्यावे. ट्रायकॅट लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. "एक झाली, पुरे" असे नसते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. पिल्लू चावले किंवा नख लागून रक्त आले तर जखम साबणाने १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवावी, नळाला पाणी नसेल तर कोणाला तरी तांब्याने ओतायला सांगावे, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. घरातले पॅरासिटामॉल पिल्लाला कधीही देऊ नये, एक गोळीही जीव घेते. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन असलेले पिसवांचे औषधही मांजराला घातक आहे.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडे-थोडे खायला द्यावे: पिल्लांचे तयार खाद्य, किंवा त्याच्या जोडीला मीठ, कांदा, लसूण न घातलेले उकडलेले चिकन. उकडलेली हाडे देऊ नयेत. गाईचे दूध बहुतेकांना जुलाब करते. पाणी मात्र दोन-तीन ठिकाणी, मातीच्या पसरट भांड्यात ठेवावे.

नसबंदी

मादी चार महिन्यांचीच असताना माजावर येऊ शकते, आणि आपल्या हवेत वर्षभर येत राहते. म्हणून पाच-सहा महिन्यांत शस्त्रक्रिया उरकावी. "एकदा तरी विऊ द्यावे" या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झालेल्या मादीत स्तनाच्या कर्करोगाचा धोका बराच कमी होतो. बोक्याची नसबंदी वेळेत केली तर मूत्राचे फवारे आणि रात्रीची भांडणे टळतात. तारीख ठरवताना लसी पूर्ण झाल्या आहेत का ते पाहावे. शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी ठेवायचे हे डॉक्टर सांगतील तेवढेच पाळावे, कारण लहान पिल्लाला जास्त उपास सोसत नाही. टाके वाळेपर्यंत, म्हणजे साधारण दहा दिवस, जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली कॉलर काढू नये आणि तिला गच्चीवर सोडू नये. त्या दहा दिवसांत लिटरमध्ये वाळूऐवजी वर्तमानपत्राचे कपटे घालावेत, म्हणजे जखमेला माती चिकटत नाही.